जर्मनीत क्लॅरिनेट शिकायला येण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार. मुंबईत सात वर्षे फ्रेंच, म्हणजे बोएम पद्धतीच्या क्लॅरिनेटवर बसलेला हात घेऊन जर्मनीत शिकायला यावे का, आणि येथे आपला नाद परका ठरेल का, असे आपण विचारले आहे. वाद्यवृंदातील नोकरी हे ध्येय असेल, तर वाद्य बदलण्याची तयारी ठेवूनच या. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील बहुतेक वाद्यवृंदांना जर्मन पद्धतीचेच वाद्य अपेक्षित असते.

बोएम हे म्युनिकच्या बासरीकाराचे नाव, पण त्याच्या चाव्यांच्या रचनेचे तत्त्व क्लॅरिनेटवर आणले ते पॅरिसमध्ये, क्लॅरिनेटवादक क्लोझे आणि वाद्यनिर्माते ब्युफे यांनी १८३९ च्या सुमारास. जर्मनीत पुढे वाद्यनिर्माते ओएलर यांची पद्धत रुजली. फरक केवळ चाव्यांचा नाही. जर्मन वाद्याच्या नळीचा व्यास खालपर्यंत जवळजवळ एकसारखा राहतो, माउथपीसचे तोंड कमी उघडे असते, रीड, म्हणजे माउथपीसवर बसवलेली कंप पावणारी पातळ पट्टी, अरुंद असते, आणि अनेक वादक ती आजही दोरीने बांधतात. स्वर त्यामुळे गडद आणि भरीव लागतो. फ्रेंच स्वर उजळ, चपळ असतो. तंबोऱ्याच्या बंद आणि खुल्या जवारीत जो भेद आपण ऐकतो, त्याच्याशी मला हा भेद फार जवळचा वाटतो. व्हिएन्नाची परंपरा जर्मन पद्धतीचीच शाखा असली, तरी तेथील वाद्याची नळी अधिक रुंद आणि स्वर अधिक मऊ असतो. इंग्लंडमध्ये क्लॅरिनेटवादक रेजिनल्ड केल यांनी स्वराला कंप दिला. येथे जर्मनीत अभिजात संगीतात तो सहसा चालत नाही.

मी स्वतः फ्रेंच वाद्य घेऊन आलो आणि दोन वर्षांनी बदलले. बोएमवर जो स्वर डाव्या किंवा उजव्या, कोणत्याही करंगळीने घेता येतो, त्यासाठी येथे पुष्कळदा करंगळी चाव्यांवरील छोट्या फिरत्या रुळांवरून सरकवावी लागते. बोटे वर्षभरात वळली, पण कानाला त्याहून अधिक काळ लागला, कारण मोत्सार्टच्या क्लॅरिनेट कन्चेर्टोची (क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेची) पहिली ओळ वाजवताना माझे ओठ नकळत जुना उजळ स्वरच शोधत राहत.

बोएमचीच बोटे आणि जर्मन धर्तीची नळी असलेले ‘रिफॉर्म बोएम’ वाद्यही मिळते, परंतु नोकरीच्या चाचणीत ते चालेलच असे धरू नये. एकलवादन, चेंबर संगीत (मोजक्या वादकांचे सहवादन) किंवा आधुनिक संगीत हेच आपले क्षेत्र असेल, तर सध्याचे वाद्य मुळीच विकू नका. अर्ज करण्यापूर्वी ज्यांच्याकडे शिकायचे आहे त्या गुरूंना पत्र लिहून ते बोएम पद्धतीचे वाद्य वाजवणारे विद्यार्थी घेतात का, एवढे मात्र अवश्य विचारा.