बंधारे झाले, आता पाण्याचा हिशोब गावाने ठेवावा

प्रश्न (पुरंदर तालुक्यातील शेतकरी गट व महिला बचत गट): श्रमदान व लोकवर्गणीतून नाला खोलीकरण आणि बंधारे केले. दोन वर्षे विहिरींना पाणी टिकले. आता मात्र फेब्रुवारीतच तळ दिसतो. बोअर वाढल्या, काहींनी ऊस लावला. संस्था नोंदवून पुढची कामे घ्यावीत का?

उत्तर: संस्था जरूर नोंदवावी, कारण वर्गणीचा पैसा कोणाच्या वैयक्तिक खात्यात राहू नये आणि दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे. नवे बंधारे मात्र तूर्त थांबवावेत. आपल्या पत्रावरून पाणी अडले आहे, पण ते किती उपसायचे हे गावाने ठरवलेले नाही, असे दिसते.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. या हिशोबाने 1,000 हेक्टरच्या शिवारावर 500 मिलिमीटर पाऊस झाला तर 500 कोटी लिटर पाणी पडते. पण आपल्या काळ्या पाषाणात त्याचा थोडाच भाग मुरतो, बाकीचे वाहून किंवा बाष्प होऊन जाते. म्हणून ऑक्टोबरमध्ये, रब्बीची पेरणी ठरण्याआधी, ताळेबंद मांडावा: प्रथम माणसांचे व जनावरांचे पाणी, मग फळबाग, मग ज्वारी-हरभरा आणि उरले तर कांदा. त्यासाठी ठरावीक विहिरींची पाणीपातळी दरमहा सकाळी, मोटर सुरू होण्यापूर्वी, टेपने मोजावी आणि आकडे चावडीच्या फळ्यावर लिहावेत. हे काम बचत गटाच्या भगिनींकडे द्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पिण्याच्या पाण्याची टंचाई सर्वांत आधी त्यांनाच जाणवते.

पाण्याची वाटणी कशी करावी याचे उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर घरातील माणसांवर, दरडोई अर्धा एकर भिजेल या हिशोबाने दिले जाई. भूमिहीनांनाही वाटा असे, उसाला मनाई असे आणि योजनेच्या खर्चाचा 20 टक्के भाग लाभधारक स्वतः उचलत. आज हे नियम जसेच्या तसे लागू करणे अवघड आहे, हे मान्य. परंतु ज्याची बोअर खोल त्याचे पाणी, ही रीत चालू राहिली तर आपण केलेल्या श्रमदानाचा लाभ मोजक्या घरांनाच होईल.

संस्थेला सक्तीचा अधिकार नसतो, म्हणून नियम ग्रामसभेतून ठरावाने करून घ्यावेत. आधी महिला सभेत चर्चा व्हावी. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 नुसार शेती किंवा उद्योगासाठी 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरी घेण्यास मनाई आहे, हे ठरावात नमूद करावे आणि ठरावाची प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पुणे येथील जिल्हा कार्यालयाकडे पाठवावी. ऊस लावलेल्यांना वाळीत टाकल्यासारखे वागवू नये. उभे पीक ठिबकवर आणण्यास मदत करावी आणि खोडवा (तोडणीनंतर त्याच खोडांपासून घेतले जाणारे पुढचे पीक) न ठेवण्याची विनंती करावी.

वर्गणीतून देखभाल निधी वेगळा ठेवावा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवण्यासाठी बसवायच्या फळ्या) जागेवर असूनही रबरी पट्टी फाटली असेल, तर पाणी रात्रंदिवस गळत राहते. पट्ट्या पावसाळ्यापूर्वी तपासाव्यात आणि परतीच्या पावसाचा जोर ओसरताच बर्गे बसवावेत. ही जबाबदारी कोणाची, तेही त्याच ठरावात नावानिशी लिहावे.