वाचकांचे प्रश्न : जुना मेल सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलर बदलताना

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत स्मॉल बिझनेस सर्व्हर २०११ चालू आहे. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगऑन खाती सांभाळणारा सर्व्हर), एक्स्चेंज २०१० (मेल सर्व्हर), ड्रॉइंगच्या फायली, सगळं त्या एकाच मशीनवर. मेलबॉक्स ४०, सगळे मिळून २१० जीबी. ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये या सर्व्हरवर शेरा पडला म्हणून मालकांनी नवीन मशीन आणि विंडोज सर्व्हर २०२५ घेऊन दिलाय. एका रविवारात सगळं त्यावर नेता येईल का? (उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : थेट नेता येणार नाही आणि एका रविवारात तर नाहीच. महिन्याहून जास्त वेळ धरा. तेवढे दिवस मेल बंद ठेवावा लागत नाही, ही जमेची बाजू.

ऑडिटचा शेरा रास्त आहे. तुमच्या सर्व्हरच्या पोटात असलेल्या विंडोज २००८ आर२ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, एक्स्चेंज २०१० चा १३ ऑक्टोबर २०२० ला. पण घाईघाईने सगळ्यात नवं आधी बसवायला गेलात की अडकाल. सर्व्हर २०२५ ला डोमेन कंट्रोलर करायचं तर डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कुठल्या विंडोजच्या पातळीवर चालतं ते) किमान २०१६ लागते; तुमचं जुनं मशीन डोमेनमध्ये असेपर्यंत ती २००८ आर२ च्या वर जात नाही. एक्स्चेंज २०१० ला विंडोज सर्व्हर २०१६ पेक्षा नवीन डोमेन कंट्रोलर चालत नाही. आजचं एक्स्चेंज सबस्क्रिप्शन एडिशन २०१० च्या शेजारी बसत नाही. मध्ये एक्स्चेंज २०१६ लागतं आणि ते विंडोज सर्व्हर २०१९ वर बसत नाही, फार तर २०१६ वर बसतं. म्हणून मधला पूल विंडोज सर्व्हर २०१६ चाच. नव्या परवान्यावर जुनी आवृत्ती बसवायचा हक्क साधारणपणे मिळतो. तो विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि नव्या मशीनवर हायपर-व्ही (एकाच मशीनवर अनेक सर्व्हर चालवणारी विंडोजची सोय) टाकून त्यात व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) करा. एका व्हीएमवर डोमेन कंट्रोलर, दुसऱ्यावर एक्स्चेंज. दोन्ही पुन्हा एकत्र करू नका.

आधी जुन्या सर्व्हरचा पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे उघडून बघा. एक्स्चेंज २०१० वर सर्व्हिस पॅक ३ आणि रोलअप २२ किंवा पुढचा हवा. मग २०१६ चा डोमेन कंट्रोलर जोडा, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) आणि ग्लोबल कॅटलॉग (सगळ्या खात्यांची सूची) यांच्यासकट. पाच एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच डोमेन कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) अजून जुन्याकडेच राहू द्या. स्मॉल बिझनेस सर्व्हरला हे रोल आपल्याकडेच लागतात. काढून घेतले की २१ दिवसांची मुदत सुरू होते आणि ती संपली की मशीन आपोआप बंद पडू लागतं. म्हणून रोल शेवटी हलवायचे.

त्यानंतर एक्स्चेंज २०१६ ची क्युम्युलेटिव्ह अपडेट २३. सेटअप संपताक्षणी एक गोष्ट करायची असते आणि ती बहुतेक ठिकाणी राहते. नवा सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीत) स्वतःचा ऑटोडिस्कव्हरचा (आउटलुकला मेल सर्व्हर शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता परस्पर नोंदवून टाकतो. एकही मेलबॉक्स हललेला नसताना सकाळी सगळ्यांच्या आउटलुकवर सर्टिफिकेटचा पिवळा इशारा येतो, त्यात कुणी न ऐकलेलं सर्व्हरचं नाव. त्यामुळे सेटअप संध्याकाळी सहानंतर करा आणि उठण्याआधी तो पत्ता सध्याच्या चालू नावावर वळवा. तुमचं अंतर्गत डोमेन 'डॉट लोकल' असेल तर त्या नावाचं सर्टिफिकेट नोव्हेंबर २०१५ पासून बाहेर मिळतच नाही. आतल्या डीएनएसमध्ये मेलच्या बाहेरच्या नावाचा झोन करा, तो सर्व्हरच्या आतल्या आयपीवर न्या आणि त्याच एका नावाचं सर्टिफिकेट घ्या.

मेलबॉक्स हलवताना डिस्क भरते, इथे सगळ्यात जास्त घात होतो. हललेल्या प्रत्येक जीबीमागे नव्या सर्व्हरवर साधारण एक जीबीच्या लॉग फायली (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) तयार होतात, एकेक १ एमबीची. तुमच्या २१० जीबीच्या दोन लाखांवर फायली होतील. लॉगची डिस्क १०० जीबीची असली तर मध्यरात्री डेटाबेस उतरतो. एका रात्री आठ-दहा मेलबॉक्स घ्या आणि सकाळी एक्स्चेंज ओळखणारा बॅकअप चालवा, म्हणजे लॉग छाटले जातील. मेल रांगेच्या ड्राइव्हवर जागा कमी झाली तर बाहेरून येणारा मेल '४५२ ४.३.१' म्हणत थांबतो. मेल येत नाही अशी तक्रार आली की आधी डिस्क बघा. मेलबॉक्सची बॅच ९५ टक्क्यांपर्यंत दिवसा भरून ठेवता येते, शेवटचा टप्पा तेवढा रात्री पूर्ण करायचा. आणि हे काम एप्रिल-मेच्या वळवात काढू नका. वीज गेली आणि यूपीएस दहा मिनिटांत बसला तर डेटाबेस 'डर्टी शटडाउन'मध्ये (अर्धवट बंद झालेल्या अवस्थेत) सापडतो. तेव्हा आधी लॉगवरून सावरायचं. 'ईएसईयूटिल' या डेटाबेस दुरुस्तीच्या साधनाचा 'पी' पर्याय खराब झालेली पानं सरळ फेकून देतो. बॅकअपही नसेल तरच त्याला हात लावा.

सगळी माणसं हलली की मगच पब्लिक फोल्डर. आर्बिट्रेशन मेलबॉक्सही (एक्स्चेंजचे स्वतःच्या कामाचे) हलवा, नाहीतर जुनं एक्स्चेंज अनइन्स्टॉल होत नाही. त्याआधी जुन्या सर्व्हरवर एसएमटीपीचे (मेल पाठवायच्या पद्धतीचे) प्रोटोकॉल लॉग चालू करून पूर्ण महिनाभर बघा. स्कॅनर, हजेरीचं सॉफ्टवेअर, टॅली यांच्यात जुना आयपी टाकलेला असतो, आणि पगाराची स्लिप महिन्यातून एकदाच जाते. आठवडाभराच्या लॉगमध्ये ती दिसणार नाही.

मग एक्स्चेंज २०१० अनइन्स्टॉल करा, डीएचसीपी (मशिनांना आयपी वाटणारी सेवा) आणि रोल नव्याकडे न्या, जुन्याला रीतसर डिमोट करा (डोमेन कंट्रोलरपदावरून उतरवा). नुसतं बटण बंद करून ठेवू नका. आता लेव्हल २०१६ वर न्या, नव्या व्हीएमवर सबस्क्रिप्शन एडिशन बसवा, मेलबॉक्स पुन्हा हलवा, एक्स्चेंज २०१६ काढा आणि त्यानंतर २०२५ चा डोमेन कंट्रोलर आणा. एक्स्चेंज २०१६ चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे या पुलावर मुक्काम करायचा नाही.

आमचं मत विचाराल तर ४० मेलबॉक्ससाठी एवढा दुहेरी प्रवास परवडत नाही. सबस्क्रिप्शन एडिशनच्या मेलबॉक्स सर्व्हरला मायक्रोसॉफ्ट १२८ जीबी रॅम सुचवते, परवान्याचा खर्च चालूच राहतो. फायबर भरवशाचं असेल तर मेल होस्टेड सेवेत न्या आणि घरात फक्त डोमेन कंट्रोलर व फायली ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत 'कटओव्हर' पद्धतीने सगळे मेलबॉक्स एकदम जातात, पण त्याआधी डिरेक्टरी सिंक (घरातली खाती त्या सेवेशी जुळवत राहणं) चालू केलंत तर ती वाट बंद होते. पीएसटी फायलींनी (आउटलुकच्या मेलसाठ्याच्या) नेलंत तर आपल्याच माणसाच्या जुन्या मेलला उत्तर देताना 'आयएमसीईएईएक्स' असं काहीतरी लिहिलेला बाउन्स येतो. जुना 'लेगसी एक्स्चेंज डीएन' (एक्स्चेंजच्या आतला पत्ता) प्रत्येक नव्या मेलबॉक्सला एक्स५०० पत्ता म्हणून जोडा, तो थांबतो. म्हणून जुना सर्व्हर पुसण्याआधी या पत्त्यांची यादी काढून घ्या.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत २०१२ आर२ चे दोन डोमेन कंट्रोलर आहेत, एक मुख्य कार्यालयात, एक संकेश्वर शाखेत. नवीन २०१९ ला डोमेन कंट्रोलर करताना एफआरएसबद्दल एरर येऊन काम थांबतं. (निपाणी)

उत्तर : तुमचं डोमेन सर्व्हर २००३ च्या काळात सुरू झालेलं असणार. मशिनं बदलली, पण सिसव्हॉल फोल्डरची (लॉगऑनचे नियम म्हणजे पॉलिसी ठेवायची जागा) नक्कल करायची जुनी एफआरएस पद्धत तशीच राहिली. २०१९ ती घेत नाही.

लेव्हल किमान २००८ असल्याची खात्री करा. मग नव्या डीएफएसआर पद्धतीवर नेणाऱ्या 'डीएफएसआरमिग' कमांडची ग्लोबल स्टेट १, २, ३ अशी चढवत न्या : प्रिपेअर्ड, रिडायरेक्टेड, एलिमिनेटेड. प्रत्येक पायरीनंतर 'गेट मायग्रेशन स्टेट' विचारा. दोन्ही कंट्रोलर पोचले असं सांगेपर्यंत पुढे जाऊ नका. शाखेची लाइन सावकाश असेल तर बराच वेळ लागतो, लागू द्या. दुसऱ्या पायरीवरून मागे येता येतं, तिसरीवरून नाही. म्हणून दुसरीवर दोन-तीन दिवस थांबा, शाखेतल्या लोकांना लॉगऑन करून पॉलिसी लागते का ते बघा.

सुरुवातीलाच इव्हेंट लॉगमध्ये १३५६८ शोधा. तो जर्नल रॅप, म्हणजे नक्कल करणं बंद पडल्याची खूण. तो असेल तर शाखेत कित्येक महिने नवी पॉलिसी पोचलेलीच नसते आणि पहिली पायरी अडकून पडते. चांगली प्रत कुठली ते ठरवा, दोन्हीकडच्या सिसव्हॉलची कॉपी घ्या, खराब कंट्रोलरवर रजिस्ट्रीतला 'बरफ्लॅग्ज' डी२ (दुसऱ्याकडून प्रत घे) लावून ती चांगल्याकडून भरून घ्या. डी४ (हीच प्रत खरी) चुकून खराब कंट्रोलरवर लावलात तर तीच प्रत सगळीकडे पसरते.

नवा कंट्रोलर झाल्यावर पीडीसी रोल (पाचांपैकी डोमेनची वेळ सांभाळणारा) असलेल्या मशीनला वेळ कुठून मिळते ते बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी (सरकारी माहिती केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळलेली हवीत आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. व्हीएम असेल तर होस्टकडून वेळ घेणं बंद करा. पाच मिनिटांच्या वर फरक पडला की लॉगऑन नाकारलं जातं.

प्रश्न : वजनकाट्याचं मशीन विंडोज एक्सपीवर आहे. नवीन सर्व्हर आल्यापासून पावत्यांचं शेअर उघडत नाही. काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या विंडोजवर चालत नाही. (चिकोडी तालुका)

उत्तर : एक्सपीला एसएमबी १ (फायली शेअर करायची जुनी पद्धत) लागतं, ते नव्या सर्व्हरवर मुळात बसवलेलं नसतं. एक टिकबॉक्स दाबून ते परत आणता येतं आणि बरेच जण आणतात. डोमेन कंट्रोलरवर तर ते अजिबात करू नका. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय २०१७ मध्ये याच वाटेने पसरला.

काट्याचं मशीन स्विचच्या वेगळ्या व्हीएलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका. तिथेच एक साधा पीसी ठेवा आणि एसएमबी १ फक्त त्याच्यावर. काटा पावत्या तिथे टाकेल, आणि सर्व्हर दर पाच मिनिटांनी त्या उचलून नेईल. पीसीकडून सर्व्हरकडे जाणारी वाट फायरवॉलमध्ये बंद. त्या पीसीवर डोमेनचा पासवर्ड वापरू नका.

प्रश्न : आमच्या ईमेलच्या नावात शहराचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे. सर्व्हर बदलतोच आहोत तर डोमेनचं नावही बदलावं का? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं नाव बदलू नका. एक्स्चेंज असलेल्या डोमेनचं नामांतर मायक्रोसॉफ्टला मान्य नाही आणि केलंत तर मेल बंद पडेल. गरजही नाही. नवं नाव 'अ‍ॅक्सेप्टेड डोमेन' म्हणून जोडा, ईमेल अ‍ॅड्रेस पॉलिसीत नवा पत्ता मुख्य आणि जुना दुय्यम ठेवा, लॉगऑनसाठी नवा यूपीएन सफिक्स (लॉगऑनच्या नावातला @ नंतरचा भाग) द्या. नव्या नावाची एमएक्स (मेल कुठे यावा) आणि एसपीएफ (मेल कुठून जाऊ शकतो) नोंद आधी करा. एसपीएफ राहिली तर नव्या पत्त्याचे पहिले मेल स्पॅममध्ये जातील.

जुन्या डोमेनचं नूतनीकरण चालूच ठेवा. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण त्याआधीची बिलं आणि बँकेचे अर्ज तुमच्या जुन्याच पत्त्यावर आहेत. ते नाव सोडलंत आणि कुणी उचललं, तर तुमचे पासवर्ड रीसेट त्याच्याकडे जातील.

प्रश्न : मेल हलवल्यावर जुनी मराठी आणि कन्नड पत्रं अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतात. डेटा खराब झाला का? (खानापूर)

उत्तर : नाही. ती पत्रं युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी किंवा नुडीत टाइप झालेली असणार. आत मुळातच इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी किंवा कन्नड रूप देतो. नव्या पीसीवर तो फॉन्ट नाही, मोबाइलवर तर नाहीच. जुन्या पीसीच्या फॉन्ट फोल्डरमधून तोच फॉन्ट त्याच्या परवान्यासह नव्यावर बसवा, पत्र वाचता येईल. कायम लागणारी पत्रं कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये घ्या आणि जोडाक्षरं, रफार व आकडे मूळ छापील प्रतीशी ताडून बघा. चुका बहुतेक तिथेच राहतात. मराठीचा कन्व्हर्टर कन्नड मजकुरावर चालवू नका, दोन्हींचे कोड वेगळे आहेत.