दोन सूत जागा सोडा

(सुतारकामावरचं वाचकांचं प्रश्नोत्तरांचं सदर. सदरलेखक आयटीआयमध्ये 26 वर्षं सुतारकाम शिकवून निवृत्त झाले. आता कुडाळजवळच्या गावी, घराच्या पडवीत फर्निचर बनवतात. त्याचे व्हिडिओ नात करते.)

आधी माझी चूक. मागच्या अंकात स्टुलाला उकळलेलं अळशीचं तेल लावायची रीत सांगितली, पण तेल पुसलेल्या चिंध्यांचं काय करायचं ते लिहायचं राहून गेलं. सांगलीच्या एका वाचकांनी त्या चिंध्यांचा बोळा करून प्लास्टिकच्या बादलीत टाकला. संध्याकाळी बादलीचा तळ वितळलेला! पत्रात त्यांनी मला चांगलं खडसावलंय, आणि योग्यच केलंय. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि होताना तापतं. पसरलेल्या चिंधीतली उष्णता निघून जाते. बोळ्यातली आतच कोंडते आणि काडी न ओढता चिंधी पेट घेते. तेव्हा चिंध्या उघड्यावर दोरीवर एकेरी वाळत घाला, कडक झाल्या की टाका. तोवर जमत नसेल तर पाण्यात बुडवून ठेवा. वर्गात हे मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात सांगायचो. लिहिताना कसं सुटलं म्हणून आमचा स्टुलाचा व्हिडिओ परत पाहिला, तर मी चिंधी दोरीवर टाकतो तेवढाच भाग नातीनं कापलेला. का, तर म्हणे, "आजोबा, तिथे काहीच होत नाही."

प्रश्न : पेशानं लेखापाल आहे, बाल्कनीत हौसेनं सुतारकाम करतो. ऑगस्टमध्ये सागवानी टीपॉय केलं, टॉप 2 फूट रुंद. व्हिडिओ टाकला, चार हजार लोकांनी पाहिला, कौतुकही झालं. जानेवारीत टॉपला मधोमध चीर पडली. वखारवाल्यानं ओलं लाकूड दिलं असेल का? आणि तो व्हिडिओ आता काढून टाकू का? – एक वाचक, ठाणे

तुमचा व्हिडिओ दोनदा पाहिला. अकराव्या मिनिटाला तुम्ही टॉप उलटा ठेवून फ्रेमला चारी बाजूंनी स्क्रू मारताय, वर फेविकॉलही भरताय. चीर तिथेच पडली, फक्त दिसायला जानेवारी उजाडला. वखारवाल्याला सोडा.

लाकूड कापलं, वाळवलं, पॉलिश केलं तरी हवेतलं पाणी घेत-सोडत राहतं. आपल्या किनाऱ्याकडच्या पावसाळ्यात त्यातलं पाणी 16-17 टक्क्यांवर जातं. तेच लाकूड एसीच्या खोलीत ठेवलं तर 10 च्या आसपास येतं. पाणी गेलं की लाकूड आक्रसतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. रुंदीत मात्र चांगलंच, आणि त्यातही फळी ओंडक्यातून कशी काढली त्यावर अवलंबून. ओलं सागवान पार वाळेपर्यंत वार्षिक वर्तुळांच्या कडेकडेनं 5 ते 6 टक्के आक्रसतं, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मंच. लाकडांमध्ये हे सालस म्हणायचं. आता तुम्ही लेखापाल आहात, हिशेब तुमच्या ओळखीचा : पाणी 6 टक्क्यांनी उतरलं तर रुंदी साधारण 1 टक्क्यानं घटते. 24 इंचांचा 1 टक्का म्हणजे पाव इंच. सुताराच्या भाषेत दोन सूत. तुमच्या टॉपला दोन सूत आत यायचं होतं आणि तुमच्या स्क्रूंनी त्याला दोन्ही कडांना धरून ठेवलं. मग तो मधे फाटला.

मला हे पुस्तकानं शिकवलं नाही. 1991 साली धाकट्या बहिणीच्या लग्नात जेवणाचं टेबल दिलं. जुलैत, धो धो पावसात, इथे कुडाळात केलेलं आणि टेम्पोतून सोलापूरला पाठवलेलं. मार्चमध्ये एका रात्री दीड वाजता त्यांच्या घरात 'ठाप्' असा आवाज झाला. मेहुणे चोर समजून काठी घेऊन उठले, सगळ्या खोल्या पाहिल्या, माळा पाहिला. सकाळी चहाची कपबशी ठेवताना बहिणीच्या बोटाला चीर लागली. चांगली हातभर. तिचं पोस्टकार्ड आलं त्यात एकच ओळ होती : "दादा, टेबल फुटलं, आम्ही ठीक आहोत." तेव्हा मी आयटीआयत मास्तर होतो आणि पोरांना 'लाकडाची हालचाल' हा धडा फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो.

दुरुस्ती अशी. स्क्रू काढा, फेविकॉलचा जोड पातळ पटाशीनं सोडवा. चिरेच्या रेषेत टॉप सरळ कापून दोन तुकडे करा, कडांना रंधा मारा आणि परत जोडा. करवतीत सूतभर जाईल, जाऊ द्या. फ्रेमच्या आतल्या अंगाला खाच पाडा. लाकडाच्या छोट्या ठोकळ्या करा, ज्यांचं एक टोक त्या खाचेत अडकेल आणि दुसरं टॉपला खालून स्क्रूनं बसेल. ठोकळी खाचेत सरकती हवी, आवळून बसवू नका. टॉप दाबलेला राहील, पण आत-बाहेर जायला मोकळा राहील. ठोकळ्या नकोत तर फ्रेममधलं स्क्रूचं भोक रुंदीच्या दिशेनं लांबट करा. फेविकॉल मात्र तिथे थेंबभरही नको.

व्हिडिओ काढू नका. चार हजारांतल्या दहा जणांनी तरी तुमचं पाहून तसंच टीपॉय केलं असेल, आणि त्यांचंही फाटलं असेल किंवा फाटणार असेल. वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा की जोड चुकलाय, आणि कापून परत जोडतानाचा दुसरा व्हिडिओ टाका. कापताना कॅमेरा चालू ठेवा. चांगलं टेबल मधोमध कापणाऱ्या माणसाचा चेहरा लोकांना पाहायला आवडतो, हे मी अनुभवानं सांगतो.

प्रश्न : काका, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे. व्हिडिओ पाहून वेड लागलंय. आधी टेबल सॉ घेऊ की राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र)? खोली भाड्याची आहे. – एक विद्यार्थी, कोल्हापूर

अरे बाळा, भाड्याच्या खोलीत टेबल सॉ लावलास तर लाकडाच्या आधी मालक तुला कापेल. एक हातकरवत, एक लोखंडी रंधा, पाव, अर्धा आणि एक इंचाची पटाशी, काटकोन तपासायचा गुण्या, दोन क्लॅम्प, आणि धारेचा चांगला दगड. रंधा जुन्या बाजारातला, गंजलेला चालेल. गंज निघतो. तळ वाकडा नाही ना, एवढं पट्टी लावून बघ.

पैसे उरले तर दगडावर घाल. पटाशीचा उतार 25 अंशांचा असतो, टोकाला 30 वर हलकी धार दे. पाठ आरशासारखी सपाट कर, ती सपाट नसेल तर बाकी मेहनत फुकट. मागच्या बाजूला बोट फिरवलंस की कड किंचित वळलेली जाणवेल, ती चामड्याच्या पट्ट्यावर काढून टाक. मनगटावरचे केस भादरले म्हणजे धार आली असं व्हिडिओत दाखवतात, त्यावर जाऊ नको. पांगाऱ्यासारखं मऊ लाकूड घे आणि त्याच्या टोकावर, रेषेला आडवी पटाशी चालव. सागवान बोथट पटाशीलाही सांभाळून घेतं. मऊ लाकूड नाही घेत, त्याचे धागे उपटून येतात. पांगाऱ्याचं टोक गुळगुळीत कापलं गेलं की पत्र लिही, मग राउटरचं बोलू.

प्रश्न : बाबा 40 वर्षं सुतारकाम करताहेत. मी त्यांचे व्हिडिओ करायला घेतले, पण फोन समोर धरला की ते फळ्यासमोर उभं केलेल्या मुलासारखे होतात. 'बोला ना बाबा' म्हटलं की हातसुद्धा थांबतात. शिवाय चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. – एक वाचक, नाशिक

पट्ट्यांचं सोपं आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे कारखान्यातला दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, फोनला कळतं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर बांधून टाका, पट्टे जातील. त्याहून बरं म्हणजे दिवा बंद करा आणि बाबांचं टेबल खिडकीशी आणा. बाजूनं येणाऱ्या उजेडात पटाशीची रेघ उठून दिसते, रंध्यातून निघणारी साल पारदर्शक दिसते. वरून दिवा पाडलात की लाकूड पुठ्ठ्यासारखं दिसतं. बाबा उजवे असतील तर फोन त्यांच्या डाव्या हाताला, थोडा पुढे ठेवा, म्हणजे त्यांचाच हात धारेच्या आड येणार नाही. फोनचा स्टँड कामाच्या टेबलावर नको, प्रत्येक ठोक्याला चित्र उडी मारतं.

बोलण्याचं म्हणाल तर बोललंच पाहिजे असं कुठे आहे? जपानमधलं इशितानी फर्निचर हे चॅनेल बघा. तो गृहस्थ बोलत नाही, तरी जगभरातले लोक त्याला तासन् तास पाहतात. रंधा नीट चालला की रेशीम फाडल्यासारखा आवाज येतो, अडला की खरखरतो, बोथट झाला की किंचाळतो. ऐकणाऱ्याला त्यातूनच अर्धं शिक्षण होतं. त्यावर सतार-बासरी टाकू नका, हात जोडून विनंती.

आणि बोलतं करायचंच असेल तर 'बोला' म्हणू नका. फोन लावून ठेवा, मागे स्टुलावर बसा आणि मुद्दाम चुकीचं काहीतरी म्हणा. "बाबा, हे कुसू जरा जास्तच जाड झालं का हो?" (कुसू म्हणजे जोडाच्या भोकात बसणारं लाकडाचं टोक.) 40 वर्षं काम केलेला सुतार हे ऐकून घेणार नाही. वीस मिनिटं बोलतील, आणि ते सगळं वापरण्यासारखं असेल. आमची नात मला असंच फसवते. पहिल्या चार-पाच वेळा मला कळलंच नाही.

एक मात्र पाळा. हातात धारेचं हत्यार असताना 'परत एकदा करा ना' कधीही म्हणायचं नाही. पहिल्या वेळी माणूस लाकडाकडे बघत असतो, दुसऱ्या वेळी फोनकडे. माझ्या डाव्या अंगठ्यावर तीन टाक्यांची खूण आहे, ती 'आजोबा, परत एकदा'ची आहे.

प्रश्न : चॅनेलवर घर चालेल का? – एक वाचक, पिंपरी

नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं लागतं (छोट्या व्हिडिओंची अट वेगळी). 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. लोक सरासरी चार मिनिटं थांबले तर 60,000 वेळा व्हिडिओ पाहिला गेला पाहिजे. आम्हाला तिथे पोचायला तीन वर्षं लागली, आणि आता येतं त्यात लाकूड येत नाही, पॉलिश पेपर येतो. कामं मात्र मिळतात. गेल्या वर्षी एक बाई रत्नागिरीहून आल्या, कारण व्हिडिओत त्यांना खणाची खालची बाजूही रंधा मारलेली दिसली होती.

प्रश्न : वाऱ्यानं परसातला जुना फणस पडला. वडिलांनी लावलेला. त्याचा झोपाळा करायचा आहे आणि सगळं पहिल्यापासून चित्रित करायचं आहे. दिवाळीपर्यंत होईल का? – एक वाचक, वेंगुर्ले

ओंडका हलवायच्या आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन या. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे. झाड आपोआप पडलं असलं तरी लाकूड कापायच्या गिरणीपर्यंत न्यायचे कागद विचारून घ्या. रस्त्यात टेम्पो अडवल्यावर 'वडिलांनी लावला होता' हे कोणी ऐकत नाही.

आमचाही फणस मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पडला. लॉकडाउन होता, गिरणी बंद. दोन्ही टोकांना उरलेला ऑइलपेंट फासून ओंडका झाकून ठेवला. टोकांतून पाणी भराभर जातं आणि तिथूनच लाकूड उलतं, म्हणून रंग. ऑक्टोबरात दोन इंची फळ्या काढल्या. फणस कापला की आतून हळदीसारखा पिवळा निघतो, बघत राहावं असा. पुढे उन्हा-उजेडात तपकिरी होत जातो, तेव्हा तो पिवळा पहिल्याच दिवशी चित्रित करून घ्या. ओंडक्याच्या ऐन मधला भाग ज्या फळीत येतो ती बैठकीला घेऊ नका, ती हमखास चिरते. तिचे पाय, ठोकळे करा.

फळ्या पडवीत जांभ्याच्या चिऱ्यांवर रचल्या, दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, दीड-दीड फुटावर, वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर. ऊन नको, वारा हवा. इंचाला एक वर्ष हा जुन्या सुतारांचा हिशेब, म्हणजे दोन वर्षं. खात्रीसाठी एक तुकडा वेगळा ठेवून दर महिन्याला मासळीच्या काट्यावर तोलायचो आणि वजन त्याच्यावरच पेन्सिलीनं लिहायचो. सुरुवातीला 3 किलो 400 ग्रॅम, शेवटी 2 किलो 300. कोरड्या दिवसांतले तीन महिने आकडा हलला नाही तेव्हा रंध्याला हात लावला.

नातीनं त्या दोन वर्षांत दर महिन्याला एकाच जागेवरून एक फोटो काढला. भिंतीला खिळा मारून ठेवला होता, फोन तिथेच टेकवायचा. 24 फोटो. एकात मांजर व्यालेली आहे, एकात माझे कपडे वाळताहेत. व्हिडिओत ते सगळे मिळून बारा सेकंदांत जातात. सौभाग्यवतींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "दोन वर्सां माझी पडवी अडवलास, आणि बारा सेकंदात सोंपला?"

तर, दिवाळीपर्यंत होईल. त्याच्याही पुढच्या दिवाळीपर्यंत.