वाचकांचे प्रश्न : स्ट्रिंगमधील एक्सएमएल आणि पावतीवरील नऊ प्रश्नचिन्हे

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या मेंटेनन्सच्या पावत्या छापण्यासाठी मी डॉटनेट फ्रेमवर्कवर, सी शार्पमध्ये एक लहान प्रोग्राम लिहिला आहे. कोणत्या सभासदाने किती पैसे भरले ही माहिती सर्व्हरकडून एक्सएमएलमध्ये (कोनी कंसांतील खुणांनी माहिती मांडण्याच्या पद्धतीत) येते आणि मी ती एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या मजकुराच्या साठ्यात, ठेवतो. ही स्ट्रिंग एक्सएमएल वाचणाऱ्या एक्सएमएलडॉक्युमेंट या क्लासच्या ‘लोड’ या मेथडला दिली की पाथमध्ये (फाइलच्या पत्त्यात) चालत नाहीत अशी अक्षरे असल्याचा एरर येतो. तीच स्ट्रिंग आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग लोड केली तर काम होते; परंतु पावतीवर ‘कदम’ या आडनावाच्या जागी ओळीने नऊ प्रश्नचिन्हे छापली जातात. फाइलविना हे करता येईल का, आणि ही प्रश्नचिन्हे कुठून येतात?
– एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : फाइलची मुळीच गरज नाही. ‘लोड’ला स्ट्रिंग दिली की ती मेथड त्या स्ट्रिंगला फाइलचा पाथ किंवा यूआरएल समजते. आपण मात्र तिच्या हाती प्रत्यक्ष मजकूर देता, आणि त्यातले कोनी कंस विंडोजच्या पाथमध्ये चालत नसल्याने एरर येतो. मजकूर थेट द्यायचा असेल तर त्याच क्लासमधील ‘लोडएक्सएमएल’ ही मेथड वापरावी. एक्सडॉक्युमेंट हा दुसरा क्लास वापरत असाल तर ‘लोड’ऐवजी ‘पार्स’. असाच भेद इतर भाषांतही आहे. पायथॉनच्या एलिमेंटट्रीमध्ये फाइलसाठी ‘पार्स’ आणि मजकुरासाठी ‘फ्रॉमस्ट्रिंग’ आहे, तर जावामध्ये डॉक्युमेंटबिल्डरला नुसती स्ट्रिंग दिल्यास ती यूआरआय (पत्ता) मानली जात असल्यामुळे मजकूर स्ट्रिंगरीडरमध्ये घालून इनपुटसोर्समार्फत द्यावा लागतो.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण तेथे सभासदाचे नावच पुसले जात आहे. प्रश्नचिन्हे नऊ आहेत हे आपण नेमके लिहिलेत, आणि दोषाचा पत्ता त्या आकड्यातच आहे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. म्हणून ‘क’, ‘द’ आणि ‘म’ मिळून 9 बाइट होतात. सर्व्हरकडून आलेल्या बाइट्सची स्ट्रिंग करताना एन्कोडिंग म्हणून आस्की (फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि नेहमीची चिन्हे जाणणारे) निवडलेले असेल, तर 127 च्या वरच्या प्रत्येक बाइटच्या जागी डॉटनेट एक प्रश्नचिन्ह ठेवते. याउलट स्ट्रिंग नीट तयार होऊन ती फाइलमध्ये लिहिताना आस्की वापरले गेले असते, तर तीनच प्रश्नचिन्हे दिसली असती. ‘जोशी’ हे आडनाव तपासाल तर मात्रा आणि वेलांटी वेगळी मोजावी लागेल, म्हणजे वाचताना चूक झाली असल्यास बारा आणि लिहिताना झाली असल्यास चार. तेव्हा आपली तात्पुरती फाइल निर्दोष आहे आणि नुकसान तिच्याही आधी झालेले आहे. एकदा बाइटचे प्रश्नचिन्ह झाले की मूळ अक्षर पुढच्या कोणत्याही रूपांतराने परत मिळत नाही. नुसते ‘लोडएक्सएमएल’ वापरून एरर जाईल, पण नावे मात्र दुरुस्त होणार नाहीत.

आस्कीच्या जागी यूटीएफ-८ लिहिले की बहुतेक वेळा भागते, मात्र त्यातही एक खाच आहे. काही सर्व्हर मजकुराच्या अगदी आरंभी बाइट ऑर्डर मार्क नावाचे तीन बाइटांचे अदृश्य चिन्ह पाठवतात. डॉटनेटमध्ये एन्कोडिंगच्या ‘गेटस्ट्रिंग’ने स्ट्रिंग बनवली तर ते चिन्ह स्ट्रिंगमध्ये तसेच राहते, आणि मग ‘लोडएक्सएमएल’ पहिल्याच ओळीच्या पहिल्याच स्थानावर मजकूर अवैध असल्याची तक्रार करते. डोळ्यांना मजकूर बिनचूक दिसत असल्याने या एररवर माणसांचे तासन्‌तास जातात. एक्सएमएलची आवृत्ती आणि एन्कोडिंग सांगणाऱ्या घोषणेच्या ओळीआधी चुकून एखादी मोकळी जागा राहिली तरी मजकूर नाकारला जातो, कारण ही घोषणा असेल तर ती अगदी आरंभीच असली पाहिजे, असा एक्सएमएलचा नियम आहे.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, सर्व्हरचे उत्तर आपल्याला स्ट्रीमच्या (बाइट्सच्या प्रवाहाच्या) रूपात मिळत असेल, तर स्ट्रिंग करूच नये आणि तो स्ट्रीमच ‘लोड’ला द्यावा. स्ट्रीममधून वाचताना पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचून समजणारा भाग, आरंभीचे चिन्ह आणि घोषणेतील एन्कोडिंग पाहून बाइट्सचा अर्थ स्वतः लावतो. दोन्ही नसतील आणि सर्व्हरने उत्तरासोबत वेगळे एन्कोडिंगही सांगितलेले नसेल, तर यूटीएफ-८ गृहीत धरावे, हे 1998 मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेल्या मूळ मानकातच ठरलेले आहे. स्ट्रिंगच्या बाबतीत मात्र हा निर्णय आधीच, म्हणजे आपल्या कोडमध्ये, झालेला असतो आणि ‘लोडएक्सएमएल’ घोषणेतील एन्कोडिंगकडे लक्ष देत नाही. स्ट्रिंग प्रोग्राममध्येच तयार झाली असेल किंवा डेटाबेसच्या रकान्यातून आली असेल, तेव्हा ‘लोडएक्सएमएल’ हाच योग्य मार्ग आहे.

आपला मजकूर बाहेरून येतो, त्यामुळे लोड करण्यापूर्वी एक्सएमएलडॉक्युमेंटच्या एक्सएमएलरिझॉल्व्हर या (बाह्य संदर्भ आणून देणाऱ्या) गुणधर्माला नल, म्हणजे ‘काहीच नाही’, ही किंमत द्यावी, म्हणजे मजकुरात दडवलेल्या बाह्य संदर्भांद्वारे कोणाला आपल्या संगणकावरील फाइली वाचता येणार नाहीत. डॉटनेट फ्रेमवर्क 4.5.2 पासून एक्सएमएलडॉक्युमेंटमध्ये ती मुळातच नल असते. संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर त्याहून जुनी आवृत्ती असल्यास ही एक ओळ वगळू नये.