कमी द्रवणांकाचे सेंद्रिय क्षार: संशोधनासाठी परदेशी निघण्यापूर्वी

एम.एस्सी. झाल्यावर परदेशातील एका संशोधनगटात कमी द्रवणांकाच्या सेंद्रिय क्षारांवर पीएच.डी. करण्याची संधी तुम्हांला मिळाली आहे. रेणूची रचना बदलून द्रवणांक नेमका कसा खाली आणतात आणि निघण्यापूर्वी कशाची तयारी करावी, असे तुम्ही विचारले आहे. मीही याच विषयासाठी देश सोडला. त्यामुळे माझे उत्तर बरेचसे माझ्या चुकांवर आधारलेले आहे.

सोडियम क्लोराइड 801 अंश सेल्सिअसला वितळते, तर पॉल वाल्डेन यांनी 1914 मध्ये वर्णन केलेले इथिलअमोनियम नायट्रेट साधारण 12 अंशांना. दोन्ही क्षारच, आणि दोन्हींतील आयनांवर प्रभारही एकेकच. आयन मोठा केला, प्रभार अनेक अणूंवर पसरवला, की आकर्षण सैलावते आणि स्फटिकाची जालक ऊर्जा, म्हणजे आयनांना स्फटिकात बांधून ठेवणारी ऊर्जा, घटते, एवढी समज घेऊन मी इकडे आले होते. ती चुकीची नव्हती, पण अपुरी होती. 1-इथिल-3-मिथिलइमिडाझोलियम हा एकच धन आयन ठेवून फक्त ऋण आयन बदलत गेलात, तर क्लोराइडचा द्रवणांक सुमारे 87, टेट्राफ्लुओरोबोरेटचा 15, हेक्साफ्लुओरोफॉस्फेटचा 60 आणि बिस-ट्रायफ्लिमाइडचा उणे 16 अंशांच्या आसपास येतो. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हा टेट्राफ्लुओरोबोरेटपेक्षा मोठा असूनही त्याचा क्षार 45 अंश वर वितळतो, म्हणजे नुसत्या आकाराने हिशेब लागत नाही. बिस-ट्रायफ्लिमाइडमध्ये मात्र प्रभार विखुरलेला आहे, शिवाय तो आयन लवचिक असून दोन वेगवेगळ्या ठेवणींत राहू शकतो. अशा आयनाला स्फटिकात एका जागी नीट बसवणे अवघड जाते.

द्रवणांक म्हणजे वितळण्याच्या एन्थाल्पीला (वितळताना लागणाऱ्या उष्णतेला) वितळण्याच्या एन्ट्रॉपीने (वितळताना वाढणाऱ्या अव्यवस्थेने) भागून येणारे तापमान, हे आपण पदवीला पाठ केलेले असते. या विषयात ते दररोज वापरावे लागते. धन आयनाची सममिती मोडणे, त्याला लवचिक बाहू जोडणे हे सगळे उपाय या भागाकाराच्या दोन्ही अंगांवर काम करतात. धन आयनाला जोडलेली अल्किल साखळी (कार्बन-हायड्रोजनची शेपटी) थोडी लांबवली की द्रवणांक उतरतो, पण ती फार लांबवली की साखळ्या एकमेकींना चिकटून ओळीने रचल्या जातात आणि द्रवणांक पुन्हा चढू लागतो. टेट्राफ्लुओरोबोरेटच्या मालिकेत 12 कार्बनपासून पुढे तर द्रवस्फटिक अवस्था, म्हणजे द्रव आणि स्फटिक यांच्या मधली अवस्था, दिसते. यावरचा मला सर्वांत आवडणारा उपाय निसर्गाकडून घेतलेला आहे: लांब साखळीच्या मध्यावर सिस दुहेरी बंध, म्हणजे साखळीला वाक देणारा दुहेरी बंध, घालायचा. स्टिअरिक आम्ल 69 अंशांना आणि तितक्याच कार्बनांचे ओलिक आम्ल 13 अंशांच्या आसपास वितळते, ते याच वाकामुळे, आणि हाच वाक इमिडाझोलियमच्या लांब साखळीतही तितकाच परिणामकारक ठरतो.

उलटे उदाहरणही ध्यानात ठेवा. इमिडाझोलियम कड्याच्या दुसऱ्या कार्बनवरील हायड्रोजन हायड्रोजन-बंधात भाग घेतो, तेव्हा तिथे मिथिल गट बसवून तो बंध काढून टाकला तर द्रवणांक उतरेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो चढतो आणि द्रव अधिक घट्टही होतो. ऋण आयनाच्या जागांची विविधता कमी होऊन एन्ट्रॉपी घटते, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. वाद पूर्ण मिटलेला नाही, आणि मुलाखतीत हा प्रश्न हमखास निघतो.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी केलेला एक क्षार खोलीच्या तापमानाला मधासारखा वाहत होता आणि मी तो गटाच्या बैठकीत ‘द्रव’ म्हणून सादर केला. तीन आठवड्यांनी खण उघडला तेव्हा कुपीच्या तळाशी पांढऱ्या सुयांचा गुच्छ होता आणि दुपारपर्यंत सगळी कुपी गोठली. तो क्षार अतिशीतित द्रव होता, म्हणजे द्रवणांकाच्या खाली जाऊनही न गोठलेला. मी द्रवणांक मोजलाच नव्हता, फक्त तो गोठला नाही एवढेच पाहिले होते. म्हणून डीएससीचा (नमुना तापवताना किंवा थंड करताना तो किती उष्णता घेतो वा सोडतो हे मोजणाऱ्या उपकरणाचा) आलेख वाचायला आधी शिका. थंड करताना रेषा सपाट राहिली म्हणून निष्कर्ष काढू नका; पुन्हा तापवताना काचसंक्रमणाची (काचेसारखा कडक झालेला द्रव पुन्हा मऊ होण्याची) पायरी, मग उष्णता बाहेर टाकणारे स्फटिकीभवन आणि शेवटी वितळण्याचा खड्डा, असा क्रम पुष्कळदा दिसतो. नमुन्यात पाणी किंवा उरलेले क्लोराइड असेल, तर तो आकडा तुमच्या क्षाराचा नसून मिश्रणाचा असतो.

हेक्साफ्लुओरोफॉस्फेट ओलाव्यात तापवले तर त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल सुटू शकते, तेव्हा या आम्लाने भाजल्यास लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल कुठे ठेवले आहे हे पहिल्याच दिवशी विचारा. आणि होकार कळवण्यापूर्वी गटाच्या प्रमुखांना पत्राने विचारून घ्या की डीएससी आणि पाणी मोजण्याचे कार्ल फिशर उपकरण गटाचे स्वतःचे आहे का, की दुसऱ्या विभागाच्या रांगेत थांबावे लागते. दोन महिन्यांची रांग असेल, तर तुमचे पहिले वर्ष माझ्यासारखेच कुप्या हलवून पाहण्यात जाईल.