आधी ‘कोणाचा’, मग ‘कोण’

“रविवारी चर्चमध्ये मी देवाचं लेकरू असतो आणि सोमवारी ऑफिसात कोणीच नसतो. यातला खरा मी कोणता?” शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हा प्रश्न घेऊन ख्रिस्ती विश्वासणारे माझ्याकडे समुपदेशनासाठी सतत येत असतात. कॉलेजातली मुलं येतात, बढतीची वाट बघणारे तरुण येतात, ‘मुलं जगात वाहवत चालली’ म्हणून धास्तावलेले आईवडीलही येतात. म्हणून एका तरुणाची हकिगत त्याच्या परवानगीने इथे मांडते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे आणि बऱ्याच भेटींतलं थोडंच घेतलं आहे.

तो विश्वासू घरात वाढलेला. क्वायरमध्ये गाणारा, तरुणांच्या सभेत पुढे असणारा, नोकरीतही हुशार. पण ऑफिसात विश्वासाचा विषय निघाला की मान खाली घालायचा, आणि ‘आकडे जरा बरे दिसू देत’ असं साहेबांनी सुचवलं की तसे करून द्यायचा. रविवारी त्याचा पश्चात्ताप, सोमवारी पुन्हा तेच. बाहेरचं जग फार जोरात आहे, माझा विश्वास तोकडा पडतो, तो वाढवायचे उपाय सांगा, एवढंच त्याचं मागणं होतं.

उपाय मी लगेच हातात ठेवत नाही. उपाय मागणारा माणूस स्वतःकडे कोणाच्या नजरेने बघतोय, ते मला आधी समजून घ्यायचं असतं. ते एका भेटीत अचानक समोर आलं. त्याने फोनमधली नोंदवही उघडून दाखवली. रोज रात्री तो स्वतःला दहापैकी गुण द्यायचा. आदल्या रात्रीची ओळ होती: प्रार्थना २, वचन (म्हणजे बायबलवाचन) ०, काम ९, राग ४. खाली लाल अक्षरांत ‘उद्या सुधार’.

“हे देवाने वाचलं तर तो काय म्हणेल?” मी विचारलं.

“हेच. उद्या सुधार.”

“आणि साहेबांनी वाचलं तर?”

“तेही हेच म्हणतील. वर विचारतील, नऊच का?”

“मग दोघांत फरक काय?”

तो बराच वेळ त्या लाल अक्षरांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मॅडम, मी देवाकडेसुद्धा नोकरीच करतोय.”

हे वाक्य मी सांगून त्याच्या पदरात पडलं नसतं. ते त्याचं त्याला सापडलं, आणि अशा क्षणासाठीच मी हे काम करते.

आपल्या विश्वासाच्या विरोधी संस्कृती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पैसा, पार्ट्या, कपडे येतात आणि आपण मुलांना त्यांच्यापासून वाचवत बसतो. इतक्या जणांचं ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की तिची खरी पकड असते ती क्रमावर. आधी स्वतःला सिद्ध कर, मग तू आमचा, असा तिचा क्रम. तो आपण नकळत चर्चमध्येही आणतो: इतकी सेवा, इतके उपवास, मग कुठे देवाला आपण आवडणार! घरातून आणि चर्चच्या मंडळीतून हाच सूर ऐकत वाढलेल्या मुलाला बाहेरचं जग परकं वाटतच नाही. तिथे निदान गुण लवकर हातात पडतात.

पुढच्या भेटीत मी त्याला बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय वाचायला दिला. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला, येशू पाण्यातून वर आला आणि आकाशातून वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे.

“इथवर येशूने चमत्कार किती केले होते?”

“एकही नाही.”

“शिष्य किती जमवले होते?”

“अजून कोणीच नाही.”

“मग पिता संतुष्ट कशावर झाला?”

उत्तर न देता त्याने स्वतःच पुढचा अध्याय वाचायला घेतला. अरण्यातले चाळीस दिवस, भूक, आणि सैतानाचं पहिलंच बोलणं: तू देवाचा पुत्र असशील तर या दगडांच्या भाकरी कर. तिथे तो थांबला. “म्हणजे सिद्ध करून दाखव,” तो म्हणाला. “मी रोज रात्री स्वतःला हेच म्हणतो. आणि आजवर मला तो देवाचा आवाज वाटत होता.” त्याचे डोळे भरून आले होते.

माझा कल पहिल्यापासून नात्याकडे आहे. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने मुलांविषयी जे मांडलं ते मला मोठ्यांतही रोज दिसतं: परत यायला आईची मांडी आहे ही खात्री असलेलं मूलच बिनधास्त लांब खेळायला जातं. आपण कोणाचे हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो जगात मोकळेपणाने वावरतो आणि नेमक्या ठिकाणी अडूनही बसतो. बायबलमधल्या दानीएलाचंच बघा, बाबेलमध्ये बंदी म्हणून नेलेल्या यहूदी तरुणाचं. तिथे त्याला बेल्टशस्सर हे नवं नाव मिळालं, खास्द्यांची म्हणजे बाबेलच्या लोकांची भाषा आणि विद्या शिकावी लागली, राजाची चाकरी करावी लागली. हे सगळं त्याने केलं. राजाच्या ताटातलं अन्न मात्र घेतलं नाही, आणि तेही त्याने अधिकाऱ्याला आदराने विचारून, दहा दिवस पारख करून बघा असं सांगून ठरवलं. प्रत्येक गोष्टीला नकार देणारा माणूस मला बळकट वाटत नाही, तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: मनाईची यादी वाढवण्याआधी, परीक्षेत किंवा वागण्यात मूल नापास झालं त्या दिवशी आपण त्याच्याशी कसे बोललो, ते आठवून बघा. देवाविषयीचा मोठा धडा मूल त्या दिवशी शिकतं.

‘खरा मी कोणता’ हा प्रश्न डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकालाही (चर्चच्या धर्मगुरूलाही) तुरुंगात पडला होता. लोकांना तो शांत आणि धीराचा दिसे, आतून मात्र अस्वस्थ, थकलेला असे. १९४४ साली लिहिलेल्या कवितेत दोघांपैकी खरा कोण हे त्याने ठरवलं नाही. मी कोणीही असलो तरी देवा, मी तुझा आहे हे तू जाणतोस, एवढ्यावर तो थांबला. ही कविता मी त्या तरुणाला वाचून दाखवली.

काही आठवड्यांनी त्याने आकडे बदलायला नकार दिला, प्रवचन न देता, दोन वाक्यांत. साहेब नाराज झाले, एक महत्त्वाचं काम दुसऱ्याकडे गेलं, आणि ते त्याला लागलंही. पण पूर्वीसारखा तो कोसळला नाही. मंडळीतली एक जबाबदारीही त्याने सोडली, कारण ती तो केवळ गुणांसाठी करत होता. पाळकांनी ते समजून घेतलं, याचं मला फार बरं वाटलं.

तुम्हीही रात्री असा हिशोब मांडत असाल तर आधी बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा त्रेचाळिसावा अध्याय उघडा आणि पहिलं वचन स्वतःचं नाव घालून मोठ्याने वाचा: भिऊ नकोस, मी तुला नावाने हाक मारली आहे, तू माझा आहेस. त्यानंतर दिवसभरातल्या चुका देवाला सांगा, एकही न लपवता. गुण मात्र देऊ नका. मन घट्ट असेल तर सुरुवातीला हे वाचताना काहीच वाटणार नाही. तरी वाचत राहा, आणि आठवड्यातून एकदा तरी हे वचन तुमच्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगा. स्वतःच्या आवाजात न पटणारी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की पुष्कळदा आत उतरते.