वाचकांचे प्रश्न : दरपत्रकं स्पॅममध्ये का जातात?

प्रश्न : आमची दाळमिल आहे. मेलची सेवा बदलली, डोमेन तेच ठेवलं. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांना पाठवलेली दरपत्रकं स्पॅममध्ये पडतात. वेबसाइटवाला म्हणतो, 'ऑफर', 'सूट' असे शब्द टाळा.
— एक वाचक, लातूर

उत्तर : शब्दांचा दोष असला तर थोडाच. आजचे फिल्टर आधी पाठवणारा खरा कोण ते बघतात. स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, संगणकावर उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतलं 'शो ओरिजिनल' दाबा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क यांच्यापुढे 'पास' की 'फेल' ते दिसेल.

तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, याची डीएनएसमधली (डोमेनचे पत्ते आणि नोंदी ठेवणाऱ्या इंटरनेटच्या वहीतली) जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. सेवा बदलताना हमखास होणारी गडबड अशी, की जुनी नोंद तशीच राहते आणि खाली नवी टाकली जाते. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन सापडल्या की दोन्ही बाद. चालू सर्व्हर एकाच नोंदीत घ्या, जुना काढा. बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर वेगळ्या सर्व्हरवरून मेल टाकत असेल तर तोही हवा. मात्र 'इन्क्लूड' (दुसऱ्या सेवेची यादी जोडणारा शब्द) वाढवत बसू नका : त्यांच्या पोटातल्या डीएनएस चौकश्याही मोजल्या जातात आणि मर्यादा १० ची आहे.

डीकिम म्हणजे मेलवरची सही. नव्या सेवेच्या अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये सहीची 'की' (किल्ली) तयार करून ती डीएनएसमध्ये टाकायची. बऱ्याच सेवांमध्ये पुन्हा पॅनेलवर येऊन सही सुरू करावी लागते, आणि नेमकं तेच राहून जातं. २०४८ बिटांची की २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, काही पॅनेल ती मध्येच तोडतात. 'फेल' येत असेल तर कीची शेवटची अक्षरं जुळवून बघा.

या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, याची तुमची सूचना म्हणजे डीमार्क. ती 'नन'वर (काही करू नका) ठेवून मेल सेवांकडून येणारे अहवाल काही दिवस बघा, मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) करा. थेट 'रिजेक्ट' (नाकारा) नको. एखादा व्यापारी तुमची मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर वळवत असेल तर तिथे एसपीएफ तुटतं, आणि डीकिमही नसेल तर मेल नाकारली जाते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं आहे. बाकीच्यांना एसपीएफ किंवा डीकिम, एक तरी लागतंच. तोवर व्यापाऱ्यांना फोन करून 'नॉट स्पॅम' दाबायला सांगा. जीमेल स्पॅम ३० दिवसांनी पुसून टाकतं.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षात नको त्या साइट बंद करायच्या आहेत. पैसे नाहीत.
— एक शिक्षक, परभणी

उत्तर : राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये (जिथून सगळ्या संगणकांना नेटवर्कचे पत्ते मिळतात) डीएनएसचे पत्ते १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका. क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा मालवेअर आणि अश्लील साइट अडवते. दुसऱ्या रकान्यात जुना पत्ता राहिला तर फिल्टर कधी चालेल, कधी नाही. क्रोममधलं 'यूज सिक्युअर डीएनएस' बंद ठेवा. तिथे कुणी दुसरी सेवा निवडली की ब्राउझर राउटरला वळसा घालतो. आणि राउटरचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन'च असेल तर पोरं सगळं पूर्ववत करतील, हे काय सांगायला हवं! मोबाइल डेटावर याचा काही अंमल नाही.

प्रश्न : पीकविम्याचे पैसे अडकलेत, लिंक उघडा, असा एसएमएस आला. खरा कसा ओळखायचा? स्पॅमविरुद्ध कायदा नाही का?
— एक शेतकरी, बीड

उत्तर : दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला तर खोटाच धरा. लिंकमध्ये साइटच्या नावानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे वाचा. नावाचा शेवट 'पीएमएफबीवाय डॉट जीओव्ही डॉट इन' असाच हवा. ही अक्षरं फक्त सुरुवातीला असली तर लिंक फसवी. शंका असेल तर पीकविम्याच्या हेल्पलाइनला, १४४४७ वर विचारा. लिंकमधून एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) टाकून बसला असाल तर फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०; गेले नसतील तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू'त तक्रार.

एसएमएस आणि कॉलसाठी ट्राय या दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम आहेत, तक्रार १९०९ वर. ईमेल स्पॅमसाठी मात्र आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पाठवणाऱ्याबद्दल दिशाभूल करणाऱ्या मेलचा उल्लेख आयटी कायद्याच्या ६६अ कलमात होता, पण ते अख्खं कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, आणि ती जागा अजून रिकामीच आहे. तोतयेगिरी करून फसवल्यास ६६ड लागतं : ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. म्हणून एसएमएस पुसू नका, आणि मेल असेल तर 'डाउनलोड ओरिजिनल' करून मूळ फाइल ठेवा; स्क्रीनशॉटमध्ये ती कोणत्या सर्व्हरवरून आली ते दिसत नाही.